तोडी, देशाख आणि पावसाळा: रागमालेच्या भिंतीच्या नोंदी

१२ जून

गायनवर्गाच्या हॉलमधली उत्तरेकडची लांब भिंत आम्हाला मिळाली. वर्षानुवर्षं तिथे जुन्या कार्यक्रमांचे फोटो आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं. गुरुजींनी फोटो काढून ठेवायला परवानगी दिली, घड्याळाबद्दल मात्र "ते राहू दे" म्हणाले. काम असं: रागमाला म्हणजे रागांना माणसांच्या रूपात रंगवणाऱ्या जुन्या लघुचित्रांचा संच, त्यातली बारा चित्रं मोठी करून लावायची, खाली मराठी आणि कन्नड मजकूर द्यायचा, आणि तेरावं चित्र जुन्या पद्धतीने हाताने करायचं. छापायची जबाबदारी खडेबाजारच्या प्रेसकडे, मजकूर आणि हाताचं चित्र माझ्याकडे. मी पेशाने ड्रॉइंग मास्तर. सुरांचा कान बेताचाच, त्यामुळे संगीताकडची बाजू गुरुजी बघतील.

चित्रांच्या प्रतिमांची अडचण वाटली होती तेवढी नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि क्लीव्हलँडचं कला संग्रहालय जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मुक्त वापरासाठी देतात. खर्च फक्त छपाईचा. फ्लेक्स नको, यावर सगळ्यांचं पहिल्याच बैठकीत एकमत झालं. बेळगावात कशावर तरी एकमत झालं ही नोंद करण्यासारखी गोष्ट.

१९ जून

बारा कोणती, यावर संध्याकाळ गेली. हनुमन्मताप्रमाणे, म्हणजे रागांच्या एका जुन्या वर्गीकरणाप्रमाणे, सहा राग: भैरव, मालकंस, हिंदोल, दीपक, श्री, मेघ. प्रत्येकाच्या पाच रागिण्या, म्हणजे बायका; राग धरून एकूण छत्तीस. राजस्थानातले बहुतेक संच छत्तीसचेच, नावं मात्र संचागणिक इकडची तिकडे होतात. हिमाचलाकडचे पहाडी चितारी वेगळ्या यादीवर चालले. क्षेमकर्णाने १५७० मध्ये लिहिलेल्या रागमालेत रागांना मुलगेही आहेत, प्रत्येकी आठ, एखाद्याला नऊसुद्धा. त्यामुळे पहाडी संच चौऱ्याऐंशीच्या पुढे जातो. तबल्यावरचे अण्णा म्हणाले, "एवढं गोतावळं एका भिंतीवर बसतंय होय? बारावरच थांबा की ओ."

बारावरच थांबलो. भैरव, विभास, ललित, आसावरी, तोडी, बिलावल, देशाख, धनाश्री, श्री, केदार, मालकंस, मेघ.

क्रम कुटुंबाप्रमाणे की प्रहराप्रमाणे? मूळ संच कुटुंबाप्रमाणे आहेत. पण आमच्या हॉलमध्ये येणारी मुलं रागाला त्याच्या वेळेवरून ओळखतात, नवरा-बायकोच्या नात्यावरून नाही. ते नातं आता कुणी शिकवत नाही. पाटण्याच्या मुहम्मद रझाने १८१३ मध्येच लिहून ठेवलं की राग-रागिणीच्या या वर्गीकरणाला सुरांचा काही आधार नाही, आणि बिलावलचे स्वर शुद्ध मानून त्याने नवी मांडणी केली. पुढे भातखंड्यांचे दहा थाट (स्वरांवरून केलेले रागांचे गट) आले आणि भैरवाचा संसार मोडला. आम्ही प्रहराप्रमाणे लावायचं ठरवलं. मेघ शेवटी, कारण त्याला घड्याळ नाही, पावसाळा आहे.

२७ जून

पाऊस धो धो. राकसकोप धरणाचं पाणी वाढलं म्हणून सगळे खूश, मी सोडून. वसली वाळत नाही.

वसली म्हणजे हातकागदाचे तीन-चार थर खळीने एकावर एक चिकटवून केलेला जाड, घट्ट कागद. लघुचित्रं यावरच करतात. खळ मैद्याची, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि बुरशी लागत नाही. तरीही पहिल्या वसलीच्या कोपऱ्यावर करडे ठिपके आलेच. या हवेत मोरचुदाचंही चालेना. दुसरी खेप स्वयंपाकघरात, शेगडीपासून हातभर लांब, दोन पाटांमध्ये दाबून ठेवली आणि वर पाट्याचा वरवंटा ठेवला. घरच्यांनी त्या रात्री चटणी मिक्सरमध्ये केली.

घोटायला अकीक, म्हणजे गुळगुळीत कठीण दगड, हवा. शहापुरातल्या सोनाराकडे दागिन्याला झिलई द्यायची अकीकाची घोटणी होती, ती आठवड्याच्या बोलीवर मिळाली. कागद गुळगुळीत फरशीवर पालथा टाकून मागून घोटायचा. पहिला अर्धा तास काही फरक दिसत नाही, मग एकदम हाताखालचा आवाज बदलतो. खरखर जाते आणि कागद शीळ घातल्यासारखा वाजायला लागतो. तिथे थांबायचं. आणखी घोटलं तर रंग धरत नाही.

४ जुलै

आज खरा वाद झाला. तो सविस्तर लिहून ठेवतो, कारण भिंतीवरचा सगळा मजकूर यावर अवलंबून आहे.

प्रेसवाल्यांच्या मुलाने सुचवलं की प्रत्येक चित्राखाली क्यूआर कोड द्यावा. मोबाइल धरला की तो राग वाजला पाहिजे. "चित्र बघत बघत राग ऐकायचा, सर, लोक एकदम गार होतील." कल्पना सगळ्यांना आवडली. मला ती पटली नाही, आणि गुरुजींनाही नाही. आमची कारणं मात्र वेगळी.

माझं कारण असं की चित्रकाराने स्वर रंगवलेलेच नाहीत. त्याच्यासमोर असायचा तो श्लोक किंवा दोहा. रागाचं रूप सांगणाऱ्या या श्लोकांना ध्यान म्हणतात. तोडीचं ध्यान दामोदराच्या संगीतदर्पणात आहे:

तुषारकुन्दोज्ज्वलदेहयष्टिः काश्मीरकर्पूरविलिप्तदेहा ।
विनोदयन्ती हरिणं वनान्ते वीणाधरा राजति तोडिकेयम् ॥

हिमासारखी, कुंदफुलासारखी उजळ, अंगाला केशर-कापराची उटी लावलेली, हातात वीणा, रानाच्या कडेला हरणाला रमवणारी. यात गंधार कोमल की तीव्र याचा पत्ताच नाही. चित्रकार बाई काढतो, वीणा काढतो, हरीण काढतो. वीणेला तारा किती हेसुद्धा अनेकदा मनाजोगतं असतं. चित्राकडे बघून त्यात कोमल ऋषभ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

आधीच्या काळात तर रूपं आणखी वेगळी होती. पंधराव्या शतकाच्या शेवटच्या पादात, १४७५च्या सुमारास रंगवलेल्या एका जैन कल्पसूत्राच्या समासांत राग, स्वर, श्रुती, मूर्च्छना अशा सगळ्यांच्या आकृत्या आहेत. तिथे राग देवतेसारखा एकटा उभा असतो. प्रेमी, रुसवा, विरह, पलंग, गवाक्ष हा सगळा सरंजाम नंतर नायिकाभेदाच्या, म्हणजे नायिकांचे प्रकार वर्णन करणाऱ्या, कवितेतून आला.

गुरुजींचं कारण माझ्यापेक्षा जास्त रोखठोक. म्हैसूरकडून बदलीवर आलेल्या आमच्या कन्नडच्या बाई बैठकीला होत्या. त्यांना गुरुजी म्हणाले, "बाई, तुमची तोडी जरा गुणगुणा." बाई कर्नाटक पद्धतीचं शिकलेल्या. त्यांनी आलाप घेतला आणि अण्णा पटकन म्हणाले, "ही भैरवी झाली की!" स्वर तेच: कर्नाटक तोडी आणि आपल्या भैरवीचा सप्तक एकच. आपली मियाँकी तोडी त्याहून निराळी, तिच्यात मध्यम तीव्र. "मग सांगा," गुरुजी म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीच्या चित्राखाली कुठली तोडी वाजवणार? माझी का बाईंची?"

प्रेसवाल्यांचा मुलगा गप्प झाला. पण त्याचं म्हणणं पूर्ण टाकायचं नाही, हेही ठरलं. क्यूआर राहील. त्यातून राग वाजणार नाही, ध्यानश्लोक वाचून दाखवला जाईल: आधी संस्कृत, मग मराठी आणि कन्नड अर्थ. चित्रकाराकडे जे होतं तेच बघणाऱ्याच्या हाती द्यायचं.

एक अपवाद माझ्या सिद्धांताला छेद देतो, तो लिहूनच ठेवायला हवा. क्षेमकर्णाने काही रागांची तुलना आवाजांशी केली आहे: पक्ष्यांचे, जनावरांचे, घरकामाचे आवाज. पहाडी चितारी तेही रंगवतात. म्हणजे तिथे चित्र कानाच्या जवळ येतं. आमच्या बारांत पहाडी चित्रं कमी, म्हणून आमचा निर्णय बदलत नाही. पण "रागमालेत आवाज कधीच नसतो" असं वाक्य मी पॅनेलवर लिहिणार नाही.

११ जुलै

कन्नडच्या बाईंनी विचारलं, "हे सगळं राजस्थानचं का? आपल्याकडचं काहीच नाही?"

आहे, आणि भरपूर आहे. आपला मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. बेळगावच्या किल्ल्यातली सफा मशीद असदखान लारीची, तो आदिलशाहीचाच सरदार. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा (राज्यकाळ १५८० ते १६२७) संगीताने झपाटलेला होता. त्याची 'किताब-ए-नौरस' ही दख्खनी भाषेतल्या गीतांची पोथी, आणि गीतं रागांच्या नावाखाली लावलेली. भैरवाच्या गीतात तो थेट शंकराचं रूप रंगवतो: कापरासारखा गोरा, कपाळी चंद्र, तीन डोळे, जटेत गंगा. हे ध्यानच झालं, फक्त संस्कृतात नाही. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान आणि हत्तीचं आतशखान. दोघांचाही त्याच्या गीतांत लाडाने उल्लेख येतो. स्वतःला तो गणपती आणि सरस्वतीचा मुलगा म्हणवतो. फर्रुख हुसेन या चित्रकाराने काढलेल्या सरस्वतीच्या चित्रावर त्या अर्थाच्या ओळी आहेत. १५९९ मध्ये त्याने विजापूरशेजारी नौरसपूर हे नवं शहर बसवायला घेतलं.

आणि दख्खनी रागमाला. १५९० च्या दशकातल्या एका गटाची मोजकी पानं शिल्लक आहेत: हिंदोल, धनाश्री, गौडी, पटहंसिका अशी. माणसं पानभर मोठी, पदर आणि काष्टे वाऱ्यावर तटतटलेले, वर नागरी लिपीत संस्कृत श्लोक. ती अहमदनगरची की विजापूरची यावर अभ्यासकांत वाद आहे. आमच्या बैठकीत तो मिनिटभरात मिटला: विजापूरची! बाई आणि अण्णा या एका मुद्द्यावर एका बाजूला. मी पॅनेलवर "उत्तर दख्खन" एवढंच लिहिणार आहे. कुणी कितीही रागावलं तरी चालेल.

ही पानं मिळाली कुठे, तर बहुतेक बिकानेरच्या संग्रहात. बिकानेरचे राजे मोगलांच्या फौजेतून दक्षिणेत लढले. त्यांतला अनूपसिंह पोथ्या आणि चित्रांचा मोठा संग्राहक. त्याच्या पदरी भावभट्टासारखा संगीतशास्त्री होता. लढाईच्या धुमश्चक्रीत पोथ्या गोळा करणाऱ्या माणसाबद्दल मला राग यावा की आदर वाटावा, हे अजून ठरत नाही. आपल्याकडे राहिली असती तर वाळवीने खाल्ली असती, असं अण्णांचं मत. विजापूरला गोलघुमट बघून परत येणाऱ्या सहलीतल्या पोरांना मात्र यातलं काही कळत नाही. घुमटात ओरडतात, सात वेळा आवाज आला म्हणतात, आणि बसमध्ये बसतात.

दख्खनच्या खाली, दक्षिणेत ही चित्रपरंपरा फारशी उतरली नाही. तिकडे रागमालिका म्हटलं की एका रचनेत गुंफलेले राग, गाण्याची गोष्ट. बाईंना आधी तेच वाटलं होतं.

१९ जुलै

खाका झाला.

हाताने करायचं तेरावं चित्र तोडीचंच. तिचं मूळ चित्र वहीच्या पानाएवढं, आमचं त्याच मापाचं ठेवलं. ट्रेसिंग पेपरवर रेघ उतरवली, रेघेवर सुईने बारीक भोकं पाडली, कागद वसलीवर ठेवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकी आपटली. भोकांतून ठिपके खाली उतरतात. ते गेरूच्या पातळ रेघेने जोडायचे आणि कोळसा पिसाने झाडायचा. जुने चितारी ट्रेसिंगऐवजी हरणाचं पातळ कातडं वापरत.

खाका ही कॉपी मारायची सोय नव्हे, घराण्याची शिदोरी होती. १५९१ मध्ये काशीजवळच्या चुनारला तिघा चित्रकारांनी एक रागमाला रंगवली: शेख हसन, शेख अली, शेख हातिम. त्यांचे उस्ताद मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद, म्हणजे अकबराच्या चित्रशाळेचे आद्यपुरुष. तो संच बुंदीला पोचला. त्यातल्या मांडण्या बुंदी-कोट्याकडे पुढे दोनशे वर्षं फिरत राहिल्या. त्याच गवाक्षात तोच पलंग, त्याच बाजूला तीच केळ. गुरुजींना हे ऐकून बरं वाटलं. "बंदिश तीच असते. गाणारा बदलतो," म्हणाले.

मेवाडात असंच दुसरं टोक. १६०५ मध्ये चावंडला निसारदीनने एक संच केला, १६२८ मध्ये उदयपूरला साहिबदीनने दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले तर चावंडची चित्रं उघडीवाघडी, चारच रंगांची, घट्ट. साहिबदीनमध्ये झाडाचं पान न् पान सुटं झालेलं. मला चावंडची जास्त आवडतात. कमिटीने पॅनेलसाठी दुसऱ्या बाजूला कौल दिला.

२ ऑगस्ट

तोडी रंगवायला बसलो. दुपारी दोन ते चार एवढाच उजेड चांगला.

जुने रंग कोणते वापरायचे याचा निकाल आधीच लावून टाकला. हिंगूळ म्हणजे पारा, हरताळ म्हणजे सोमल, दोन्ही वर्गातल्या पोरांच्या आसपास नकोत. जंगाल हा तांब्याचा हिरवा रंग विषारी तर आहेच, वर कालांतराने कागदच खातो. जुन्या पोथ्यांमध्ये हिरव्या समासाजवळ पान तुटलेलं दिसतं ते यामुळे. तेव्हा गेरू, काव, नीळ, काजळ आणि खडू हे खरे, बाकी ट्यूबमधले. बांधायला बाभळीचा डिंक. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला तर मनातही आणायचा नाही. सिंथेटिक शून्य नंबर चांगला चालतो.

आधी सगळीकडे पांढऱ्याचा पातळ हात. त्यातून गेरूची रेघ पुसट दिसते, ती पुन्हा ओढायची. मग मोठे रंग: मागची टेकडी, गवत, ओढणी. प्रत्येक थरानंतर चित्र पालथं घालून मागून घोटणी. पुढून रंग कागदात बसतो आणि मीनाकामासारखी झाक येते. शेवटची बारीक रेघ, जिला जयपूरकडे खुलाई म्हणतात, ती श्वास रोखून.

जवळून बघताना जे लक्षात येतं ते लांबून येत नाही. बाईच्या हातात रुद्रवीणा आहे, दोन भोपळ्यांची. वरचा भोपळा खांद्यावर, खालचा कमरेजवळ. तिची बोटं तारांवर आहेत, पण नजर तारांवर नाही. नजर डाव्या बाजूच्या काळविटाच्या डोळ्यात. काळवीट मान उंचावून उभा, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. तो पाय जमिनीला टेकवला असता तर चित्र मेलं असतं. पाय उचललेला असल्यामुळे तो आत्ताच आलाय की आत्ताच जाणार आहे, हे कळत नाही. बाकीची हरणं तिच्या पायाशी बसली आहेत. मी त्या एका पायावर पूर्ण दुपार घालवली.

आठवीची पोरं बघायला आली होती. तोडीबद्दल एक मत असं की पिकाची राखण करणाऱ्या पोरी गात असत, आणि हरणं चरायचं विसरून ऐकत, त्यातून हे रूप आलं असावं. हे सांगितल्यावर खानापूरकडचा एक पोरगा म्हणाला, "सर, आमच्याकडे गवे येतात. त्यांना वीणा ऐकवून बघा एकदा, वीणेसकट घेऊन जातील."

९ ऑगस्ट

देशाखची छपाई आली आणि हॉलच्या दारात गर्दी झाली. शेजारच्या तालमीतली मंडळी.

देशाख ही रागिणी, पण चित्रात प्रणय नाही, पैलवान आहेत. एकजण मातीत रोवलेल्या खांबावर उलटा लटकलेला, दुसरा मुद्गल फिरवतोय, तिसरा वजन उचलतोय. ध्यानात वीररस आहे, उंच, दणकट शरीर आहे. नाव रागिणीचं असूनही बहुतेक संचांत पुरुषच, काही संचांत मात्र बायकाच कसरती करताना दाखवल्या आहेत.

तालमीतले वस्ताद बराच वेळ बघत राहिले. मग बोट लावून म्हणाले, "हा मल्लखांब. पण पकड बघा ओ, गुडघ्याची आढी बरोबर हाय. काढणारा आखाड्यात गेलेला हाय." मला हे कधीच दिसलं नसतं. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं हे आपल्याला माहीत असतं. पण मल्लस्तंभाचा उल्लेख त्याआधीचा, १२ व्या शतकातल्या मानसोल्लासात आहे. तो ग्रंथ कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा. त्याच ग्रंथात गाणंही आहे आणि चित्रकलाही. वस्तादांना "हे आपल्या कर्नाटकातलंच" सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तालमीत एक लावा की."

देशाख आज कुणी विशेष गात नाही. देवसाख नावाने काहीसा उरलाय, असं गुरुजी म्हणाले. म्हणजे गायकांच्या मैफलीतून तो गेला, आणि आमच्या भिंतीवर सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्यालाच.

१७ ऑगस्ट

मजकूर. मराठी मी, कन्नड बाईंनी. प्रत्येक पॅनेलला साठ शब्दांच्या आत बसवायचं. दोन्ही लिप्यांचा आकार सारखाच, वर-खाली नाही तर शेजारी शेजारी. बेळगावात हे आधीच ठरवून टाकलेलं बरं.

आसावरी: मलयपर्वतावरची शबरी, मोरपिसांचं नेसू, गळ्यात गजमोती, चंदनाच्या झाडावरचे साप ओढून तिने हातात वलयासारखे घातलेत. मलय म्हणजे सह्याद्रीचं दक्षिणेकडचं टोक, चंदनाचा मुलूख. राजस्थानात बसून न पाहिलेली झाडं काढणाऱ्याने चंदनाला काय वाटेल ते पान दिलंय.

विभास: पहाट होऊ नये म्हणून नायक कोंबड्यावर फुलांचा बाण रोखतो. बाईंना हे फार आवडलं. कन्नडमध्ये लिहिताना हसत होत्या.

बिलावल: आरशात बघून कर्णफूल घालणारी. धनाश्री: विरहात प्रियकराचं चित्र काढणारी. चित्रकाराने चित्रकर्ती काढायची, हा विषय आपल्या पोटातला. बहुतेकांनी तिच्या फलकावरचा चेहरा नायकापेक्षा देखणा काढलाय. श्री: सिंहासनावरचा राजा आणि समोर घोड्याच्या तोंडाचा तुंबरू, म्हणजे गाणारा गंधर्व. मुलांना हा घोडा आवडणार हे नक्की. ललित: पहाटे निघून जाणारा नायक आणि झोपलेली नायिका. इथे कमिटीतल्या एका ज्येष्ठाने विचारलं, "शाळेची पोरं येणार, हे चालेल का?" गुरुजी म्हणाले, "ललित गायला चालतो, बघायला का नाही?" विषय संपला. भैरव, केदार, मालकंस, मेघ यांना फार लिहावं लागलं नाही. जोगी, चंद्र, विडा, पाऊस, बस.

२४ ऑगस्ट

लावली. गणपती तोंडावर, त्यामुळे सुताराला वेळ नव्हता, खिळे आम्हीच मारले. घड्याळ मधोमध आल्यामुळे तोडी आणि बिलावलमध्ये नको तेवढी फट पडली. गुरुजी हललेच नाहीत.

भाषणं ठेवली नाहीत. गुरुजी संध्याकाळी श्री गायले, त्याच्याच वेळेला, चित्राकडे पाठ करून. ते मुद्दाम होतं की बैठकीची सोय तशी होती, मी विचारलं नाही. क्यूआर तिघा-चौघांनी उघडला. बाईंचं कन्नड वाचन माझ्या मराठीपेक्षा सरस झालंय.

सुळेभावीहून आलेल्या एका आजोबांनी कामाचा प्रश्न विचारला. कुमार गंधर्व त्यांच्या गावचे, १९२४ चा जन्म, हे ते अर्थातच आधी सांगून झाले. मग म्हणाले, "कुमारांनी गांधी मल्हार केला, लगनगंधार केला, त्याचं चित्र कुठाय?" नाही. ध्यान लिहिणारेच संपले, चित्र कशावरून काढणार? "मग तुम्ही लिवा की!" असं म्हणून ते चहाकडे वळले.

५ सप्टेंबर

राहिलेली कामं: मेघाच्या पॅनेलला खालच्या बाजूने ओल धरतेय, मागे लाकडी पट्ट्या ठोकून भिंतीपासून बोटभर सोडायला हवं. मालकंसच्या कन्नड मजकुरात एक जोडाक्षर तुटलंय, प्रेस नवीन पट्टी देणार. सोनाराची घोटणी परत करायची, त्याने दोनदा निरोप पाठवलाय.

निपाणीच्या एका वाचनालयाने पॅनेल महिनाभर मागितलेत. पाठवायचे तर तोडीचं हाताचं चित्र जाणार नाही, त्याची छापील प्रत जाईल. देशाखची जादा प्रत तालमीसाठी सांगितली आहे, त्यांनीच पैसे दिले, आणि फ्लेक्सवरच हवी म्हणाले, कारण तिथे घाम आणि माती. त्याला हरकत घेतली नाही.

ध्यान लिहायचं काम बाईंनी अंगावर घेतलंय. गांधी मल्हारपासून सुरुवात. मला विचारत होत्या की ही बाई काढायची की बुवा. गुरुजींनी आधी राग नीट ऐका म्हणून सांगितलंय, रविवारी सकाळी दहाला.